दोन आणि तीनच्या मध्ये

त्यांच्या घरात तीन कधी येतच नसे.

काटा काढायचा असो, हलणारा दात पाडायचा असो की गुडघ्यावरची चिकटपट्टी ओढायची असो, मोठं माणूस समोर बसायचं आणि म्हणायचं, "तीनला काढू हं. मी मोजते." मग एक. मग दोन. आणि दोन तोंडातून पुरतं बाहेर पडायच्या आत काम फत्ते. पोर बोंबलायचं, घर हसायचं, आणि थोड्या वेळाने पोरही हसायचं, कारण दात तर हातात आलेला असायचा. ही युक्ती मूळची आजोबांची. त्यांच्याकडून ती मामाने उचलली, मामाकडून त्याच्या धाकट्या बहिणीने, आणि ती आई झाल्यावर तिने आपल्या मुलीवर चालवली. यात काही फसवणूक आहे, असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. पोराला भ्यायला वेळच द्यायचा नाही, ही मोठ्यांची मायाच समजली जाई.

मुलीला सगळे भिंगरी म्हणत. खरं नाव शाळेच्या दाखल्यात होतं, पण ती सरळ अशी कधी चालतच नसे. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायचं तरी दोन गिरक्या घेतल्याशिवाय तिला पोहोचल्यासारखं वाटत नसे. पहिलीत होती. वडील बोटीवर स्वयंपाकी, महिनोन् महिने समुद्रावर. घरात आई, मामा आणि ती. मामा टेम्पो चालवायचा आणि हॉटेलांमधल्या मळक्या चादरी आणून आईच्या लाँड्रीत टाकायचा. लाँड्री म्हणजे रस्त्याला लागून एक लांबट खोली. पुढे गिऱ्हाइकांसाठी फळी, मागे धुलाईची यंत्रं, आणि मधोमध चादरी दाबायची वाफेची प्रेस.

एका दुपारी ओल्या फरशीवर गिरकी घेताना भिंगरीचा पाय घसरला. तोल सावरायला तिने उजवा हात टेकला, तो नेमका प्रेसच्या तापलेल्या लोखंडावर.

भाजणं हा अपघात होता, आणि भिंगरीनेही तो अपघातच मानला. दवाखान्यात नेताना ती आईच्याच गळ्याला मिठी मारून रडत होती. मुलं अशीच असतात. ज्या घरात भाजलं त्याच घराच्या कुशीत शिरतात. खरं बिघडलं ते नंतर, पट्टी बदलताना.

त्या दिवशी जाळीचं कापड जखमेला चिकटून बसलं होतं. सिस्टर पाणी सोडून सोडून ते भिजवत होत्या आणि बाहेर रांग वाढत होती. आईला ते बघवेना. ती म्हणाली, "सिस्टर, मी काढते. माझं ऐकते ती."

भिंगरीने आईकडे बघितलं. "तीनला ना?"

"तीनला."

"नक्की तीनला? मामासारखं नाही ना?"

"नक्की गं बाई. मी कशाला खोटं बोलू?"

"मग हळू मोज."

"एक," आई म्हणाली. भिंगरीने डोळे मिटले आणि छातीत हवा भरून घेतली. ती तीनची तयारी करत होती. "दोन," आई म्हणाली आणि ओढलं.

कापडाबरोबर नवी कातडी आली. भिंगरी किंचाळली, ती ओरड जिन्यापर्यंत गेली. पण आईच्या लक्षात राहिली ती ओरड नाही. ओरडून झाल्यावर भिंगरीने डोळे उघडले आणि आईकडे बघितलं, तो क्षण राहिला. त्या नजरेत राग नव्हता. बसमध्ये शेजारी बसलेल्या परक्या माणसाकडे आपण बघतो, तशी ती बघत होती.

जखम भरली. हात बंद व्हायला लागला.

भाजल्यावर येणारी कातडी आखडते. तळहातावर ती आखडली की बोटांना आत ओढून घेते, आणि रोज तेल लावून बोटं हळूहळू मागे ताणली नाहीत तर मूठ तशीच राहते. भिंगरीची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळहाताकडे वळू लागलं होतं. आणि ती हाताला हात लावू देत नव्हती. कुणालाच नाही, आईला तर मुळीच नाही. तेलाची बाटली दिसली की तिचे खांदे कानांपर्यंत चढत, श्वास गळ्याशी येऊन अडकत असे. शाळेतल्या बाईंनी सांगितलं, "अहो, ही एक म्हणते आणि गप्प बसते. दोन म्हणतच नाही. पुढचं सगळं पाठ होतं हो तिचं." पलंगावर ती आता भिंतीला चिकटून झोपायची, आणि आईकडे पाठ असायची.

आईने करायचं ते सगळं केलं. बाहुली आणली. बिस्किटाची लाच दिली. रागावली. मग रडली. एकदा मामाने तिला मागून धरलं आणि आईने हात ओढला, तर मामाच्या मनगटावर दातांचं गोल घड्याळ उमटलं.

"किती वाजले बघ," मामा मनगट चोळत म्हणाला. हसवायला म्हणाला. कुणी हसलं नाही.

डॉक्टरांनी करंगळीला मोजपट्टी लावून मोजमाप घेतलं, म्हणजे घ्यायचा प्रयत्न केला, आणि मग आईला बाजूला घेतलं. "पुढच्या महिन्यात परत बघू. बोटं तोवर उघडली नाहीत तर ऑपरेशन. आखडलेली कातडी कापायची, मांडीची कातडी काढून तिथे लावायची."

"मग हात बरा होईल ना?"

"खरं सांगू का? ऑपरेशननंतरही हेच व्यायाम करायचे आहेत, कितीतरी महिने. तेव्हाही तिने हात दिला नाही तर नवी कातडीही अशीच आखडेल. मग सगळं पालथ्या घड्यावर पाणी. उजवा हात आहे. लिहिणं, जेवणं, वेणी घालणं, सगळं त्याच हातावर आहे."

घरी येताना आई रस्ताभर भिंगरीच्या डाव्या हाताला धरून चालली होती आणि तो हातही तिच्या हातात लाकडासारखा होता.

दवाखान्याच्या तळमजल्यावर व्यायामाची खोली होती. तिथल्या बाई वयस्क, जाड भिंगांचा चष्मा, बोलायला संथ. लहान मुलांना पुन्हा चालायला, चमचा धरायला, बटण लावायला शिकवायचं, हेच त्यांनी आयुष्यभर केलं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी भिंगरीच्या हाताकडे बघितलंसुद्धा नाही. तिला ओली माती दिली, स्वतः जमिनीवर बसल्या आणि पट्टी ओढल्याची सगळी हकीकत आईकडून ऐकून घेतली.

"तुम्हाला काय वाटतं, ती घाबरते की हट्ट करते?"

"हट्टी आहे हो. बापावर गेलीये."

"तिच्या पायाची बोटं बघा."

आईने बघितलं. मातीत डावा हात घालून बसलेल्या भिंगरीच्या पायाची बोटं चपलेत अशी आवळली होती, जणू ती उंच भिंतीच्या कडेवर उभी होती.

"विश्वास आहे का हे डोळ्यांत बघू नका," बाई म्हणाल्या. "डोळ्यांनी खोटं बोलायला मुलं आपल्याकडूनच लवकर शिकतात. पायांना ते जमत नाही. पोटालाही नाही. श्वास पोटापर्यंत जातोय का बघा. आत्ता छातीच्या वरच घुटमळतोय. ती पळायच्या तयारीत बसलीये, भिंगरीच्या आई. जखम भरल्यापासून सारखी तयारीत आहे. माणूस थकतं त्याने. तुम्ही कधी जिना उतरताना शेवटची पायरी आहे समजून पाय टाकलाय आणि पायरी नव्हतीच, असं झालंय?"

"हो."

"मग कसं होतं?"

"पोटात गोळा येतो."

"तो गोळा घेऊन ती दिवसभर फिरते. दोन आणि तीनच्या मध्ये तिची पायरी गेली."

आईने भिंगरीच्या पाठीकडे बघितलं आणि खालच्या मानेने विचारलं, "मग मी करू काय? दिवस जातायत. बोटं वळतायत."

"तुम्ही थांबायला शिका."

"थांबायला? आधीच उशीर झालाय!"

"तेच कठीण आहे," बाई म्हणाल्या. "आजपासून हाताला तेल लावायचं नाही. तिला सांगायचं, मी तुझ्या बाहीला बोट लावणार, बस एवढंच. लावायचं आणि काढून घ्यायचं. तिने थांब म्हटलं की थांबायचं. का म्हणून विचारायचं नाही. अजून थोडंसं म्हणायचं नाही. आणि मोजायचं नाही. आकडे तुमच्या घरात विटलेत. दुसरं म्हणजे, दिवसभरात जे तोंडातून काढाल ते करायचं. जे करणार नाही ते बोलायचं नाही."

शेवटचं काम सोपं वाटलं होतं. पण त्या दिवशी आईने आपलं बोलणं ऐकायला सुरुवात केली आणि तिला घाम फुटला. "आलेच हं," म्हणायची आणि अर्ध्या तासाने यायची. "बिस्किटं संपली," म्हणायची आणि डबा अर्धा भरलेला असायचा. "दुखलं नाही काही," म्हणायची, जणू गुडघा तिचाच फुटला होता. आणि फळीवर तर दिवसभर एकच जप: "उद्या नक्की मिळतील." खाली चादरींच्या गाठोड्यावर बसून भिंगरी हे सगळं ऐकत आली होती. शिंप्याने परवाच्या कपड्यांसाठी तिसऱ्यांदा चक्कर मारलेली तिने बघितली होती.

मग आई गिऱ्हाइकांना सांगू लागली, "उद्या नाही जमणार. परवा संध्याकाळी."

शिंपी म्हणाला, "काय हो, तब्येत बरी नाही का? आजवर इतकं खरं कधी बोलला नाहीत."

"दादा, कपडे हवेत की चौकशी?"

"कपडेच हवेत. पण परवा म्हणजे परवाच ना? नाहीतर आपलं नेहमीचं उद्याच बरं. निदान सवय आहे."

गाठोड्यावरून एक बारीकसा आवाज आला. भिंगरी नाकातून हसली होती. जखमेनंतर पहिल्यांदा.

बाहीला बोट. मग मनगटाला. "आता मनगटाला बोट लावते. एवढंच." लावलं. काढलं. भिंगरी बघत राही, जसं मांजर दाराच्या फटीकडे बघतं. ती मुद्दाम थांब म्हणायची, बोट लागायच्या आधीच. आई थांबायची. पुन्हा थांब. पुन्हा थांबायची. कधीकधी संपूर्ण संध्याकाळ थांबण्यातच जायची आणि तेलाची बाटली उघडलीही जायची नाही. आईच्या छातीत महिन्याची तारीख टकटक करत असायची. ती गाल आतून चावून गप्प राहायची. हळूहळू हाताच्या पाठीवर तेल लागलं. मग तळहाताच्या कडेला. मग एका संध्याकाळी आईने करंगळीखाली अंगठा ठेवला आणि सहज खाली नजर गेली, तर भिंगरीच्या पायाची बोटं सुटलेली होती.

त्या संध्याकाळीच आईने माती केली.

तेल कोमट होतं, कातडी नरम पडली होती, आणि करंगळी जखमेनंतर पहिल्यांदाच मागे येत होती. येत होती, येत होती. भिंगरी म्हणाली, "थांब."

आईने ते ऐकलं. तरी तिचा अंगठा पुढे गेला. अगदी थोडा, तांदळाच्या दाण्याएवढा. डॉक्टरांकडे जायचं जवळ आलं होतं, बोट उघडत होतं, आणि तिला वाटलं, एवढं झालं की झालं. कातडी चिरली. रक्ताचा एक बारीक ठिपका वर आला.

भिंगरी ओरडली नाही. रडलीही नाही. तिने फक्त हात काढून घेतला, ठिपका फ्रॉकला पुसला आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून समोर येऊन बसली आणि हात पुढे केला. "घे."

आईला भरून आलं. वाटलं, लेकराने माफ केलं. तिने तेल लावलं, बोटं चोळली, ताणली. भिंगरी खिडकीकडे बघत राहिली. थांब म्हणाली नाही. एकदाही नाही. पण गंमत अशी की बोटं उघडेनात. आतून कुणी दोरी धरून ठेवावी तशी ती घट्ट होती. दोन दिवसांनी आईने मोठ्या आनंदाने बाईंना सांगितलं, "आता देते हो हात. काही बोलत नाही."

बाईंनी भिंगरीला हात मागितला. तिने दिला. बाईंनी तो तळव्यावर घेतला, थोडा वेळ नुसता धरला आणि परत तिच्या मांडीवर ठेवला.

"हा तिने दिलेला नाही," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "टाकलाय. रस्त्यात कुणी लुटायला आलं की आपण पिशवी टाकतो ना, तसा. काय झालं?"

आईने सांगितलं. "मी माफी मागितली तिची. तर ठीके म्हणाली."

"माफी त्याच तोंडाची आहे, ज्याने तीन म्हटलं होतं."

"मग मी करू तरी काय, बाई? मला दुसरं तोंड नाही!" आई इतक्या मोठ्याने बोलली की खोलीतली बाकीची मुलं वळून बघू लागली. "मी आई आहे तिची. माझ्यासारखी वाईट बाई ह्या जगात नाही, पण तिला दुसरी आणू कुठून?"

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुमचं काही दुखतं का?"

"खांदा. प्रेस ओढून ओढून. का?"

"तो तिच्या हातात द्या."

त्या संध्याकाळी आई जमिनीवर बसली आणि म्हणाली, "भिंगरी, माझा खांदा दुखतो. तू दाबशील? मी थांब म्हटलं की थांबायचं."

भिंगरी पाठीमागे उभी राहिली आणि डाव्या हाताचा अंगठा खांद्यात रुतवला. लहान पोर, पण बरोबर गाठीवर बोट पडलं. कळ थेट कानापर्यंत गेली.

"थांब," आई म्हणाली.

भिंगरी थांबली नाही. तिने आणखी जोर दिला. पुढे वाकून ती आईच्या तोंडाकडे बघत होती, शांतपणे.

आईच्या मनात आलं, हात झटकून टाकावा. नाही झटकला. पण अंगाने जे करायचं ते केलंच. खांदा वर गेला, दात आवळले, श्वास वरच्या वर राहिला. आणि मोठ्या माणसाच्या डोक्यात क्षणभर एक लहान मुलाचा विचार आला: आता ही थांबणारच नाही. ती आपलीच सहा वर्षांची लेक होती, आपण उठून उभं राहिलो तर तिचा हात पोहोचणारही नाही, हे सगळं ठाऊक असून तो विचार आला.

"तुझी पण वळली," भिंगरी म्हणाली.

"काय?"

"पायाची बोटं."

आईने खाली बघितलं. वळली होती. ती सोडायचा तिने प्रयत्न केला आणि ती सुटेनात. तेव्हा ती रडली. भिंगरीच्या अंगठ्याने तिला जे सांगितलं होतं, ते तिने इतके दिवस ऐकलं नव्हतं, म्हणून रडली. तिने माफी मागितली नाही. नाक पुसलं आणि म्हणाली, "परत दाब."

यावेळी थांब म्हटल्यावर भिंगरी थांबली. पुढच्या वेळीही. तिसऱ्या वेळी आई थांब म्हणाली नाही, नुसता श्वास अडकला, तरी अंगठा सैल झाला. त्यानंतर रोज संध्याकाळी आधी खांदा आणि मग हात असं सुरू झालं. हाताच्या वेळी भिंगरी पुन्हा थांब म्हणू लागली. पुन्हा पुन्हा, आधीपेक्षा जास्त वेळा. दरवेळी आई थांबत होती, आणि दरवेळी तिच्या पोटात महिना संपत चालला होता. बोटं उघडत होती, पण मुंगीच्या पावलांनी.

डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दुपारी यंत्रं बंद होती. आई उशांचे अभ्रे घडी करत गाठोड्यावर टेकली होती. भिंगरी शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि काही न बोलता आईच्या मांडीवर बसली. थोड्या वेळाने तिची मान कलली.

झोपलेलं मूल जड होतं, हे प्रत्येक आईला ठाऊक असतं. जागेपणी मुलं आपलं निम्मं वजन स्वतःच धरून बसतात. जखमेनंतर भिंगरी कधी अंगावर रेललीच, तरी पाखरासारखी हलकी असायची, आता उडेल की मग उडेल. त्या दुपारी ती जड झाली. आईची मांडी बधिर झाली, पाठ अवघडली, पण ती हलली नाही. भिंगरीचा उजवा हात तिच्या गुडघ्यावर पडला होता. बोटं आपोआप ढिली झाली होती, करंगळीसुद्धा.

मामा टेम्पोची चावी फिरवत आत आला आणि दारातच थबकला. त्याने हात बघितला. आवाज न करता फळीवरून तेलाची बाटली उचलून बहिणीपुढे धरली.

"आत्ता," तो कुजबुजला. "झोपेत. एकदम मऊ पडलाय बघ. अर्ध्या तासात सरळ करशील. तिला कळणारही नाही."

"नको."

"अगं, वेडी आहेस का? उद्या डॉक्टर बघणार. तिची मांडी सोलतील. तेव्हा तुझं हे खरं बोलणं काय भाकरीला लावून खायचं?"

"दादा, हळू बोल."

"मला बघवत नाही गं. तुला नसेल होत तर मी करतो. पाप माझ्या माथी."

त्याने वाकून हात पुढे केला. आईने त्याचं मनगट धरलं. तिची बोटं तिथे इतकी रुतली की त्याने चमकून तिच्याकडे बघितलं.

"हात लावलास तर तुझं तोंड बघणार नाही मी."

"आणि हिचा हात असाच राहिला तर? उद्या मोठी होऊन हिनेच विचारलं, मामा म्हणत होता तेव्हा का नाही केलंस, तर काय सांगशील?"

मामा बाटली खाली ठेवून बाहेर गेला आणि टेम्पोच्या पायरीवर डोकं धरून बसला. काचेतून त्याची पाठ दिसत होती. आईने भिंगरीच्या करंगळीकडे बघितलं. तिचा अंगठा कधी उचलला गेला आणि त्या बोटाच्या मुळाशी जाऊन टेकला, हे तिचं तिलाच कळलं नाही. बोट लोण्यासारखं होतं. त्याने काहीही ऐकलं असतं. तिने एक श्वास घेतला, दुसरा घेतला. घशातून हुंदका येऊ पाहत होता, तो आला असता तर पोर जागं झालं असतं. तिने अंगठा काढून घेतला, आपला हात अभ्र्याखाली दाबून ठेवला आणि समोरच्या बंद यंत्राकडे बघत बसली. भिंगरी तासभर झोपली. तो तास परत मिळणार नव्हता, आणि आईने तो तसाच जाऊ दिला.

डॉक्टर मोजपट्टी घेऊन पुढे आले तशी भिंगरी खुर्चीत मागे सरकली. "तुम्ही नाही," ती म्हणाली. "आई करेल."

"का बरं? मी पण हळूच करतो."

"ती थांबते."

डॉक्टरांनी मोजपट्टी धरली आणि आईने बोट मागे नेलं. एका जागी भिंगरी म्हणाली, "थांब." आई थांबली.

"थोडं अजून," डॉक्टर म्हणाले. "नीट माप यायला हवं. दोन मिलिमीटर मिळाले तरी फरक पडेल."

"नाही," आई म्हणाली. "एवढंच माप घ्या."

डॉक्टरांनी घेतलं. कागदावर काहीतरी लिहिलं आणि पेन खिशाला लावलं. "पुढे आलंय, पण पुरेसं नाही. ऑपरेशन करावं लागेल. दोन्ही बोटांचं." मग त्यांनी भिंगरीकडे एकदा नीट बघितलं. "नंतरचे व्यायाम होतील असं दिसतंय मात्र."

आईच्या कानात पुढचं काही शिरलं नाही. मामाचे शब्द तेवढे घुमत होते. दोन मिलिमीटर, आणि कालचा तो तास. ती उठली, भिंगरीचं स्वेटर घेतलं, अर्धा जिना उतरली आणि तिथेच कठडा धरून उभी राहिली. भिंगरी तिच्या बाहीला धरून शेजारी.

"आई, मांडी कापणार?"

नाही, असं सांगणारे शंभर शब्द आईच्या जिभेवर आले. "हो," ती म्हणाली. "वरची पातळ कातडी काढतील."

"दुखेल?"

"काढताना नाही. तेव्हा झोपेचं औषध देतील. जाग आल्यावर दुखेल."

"खूप?"

"हो. मला वाटतं खूप."

भिंगरी रडू लागली, हमसून हमसून, आणि आईने तिला उगी म्हटलं नाही. रडता रडताच तिने विचारलं, "झोपवतील तेव्हा तू कुठे असशील? आत?"

"आत येऊ देतात की नाही..." आई अडखळली. "ते मला माहीत नाही गं."

"मग?"

"विचारून येऊ या," आई म्हणाली, आणि दोघी वळून पुन्हा जिना चढू लागल्या.